फिरते घर, कोकणचा किनारा आणि गावची विहीर

कोकणात पूर्वी माणूस समुद्रावाटे येत असे. मुंबईला बोटीत बसावे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले यांपैकी आपल्या गावास जवळ पडेल त्या बंदरात पडावातून उतरावे, हा कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही बोटवाहतूक बंद पडली. मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे हे दोन्ही मार्ग किनाऱ्यापासून बरेच आत, डोंगरांच्या कुशीतून जातात. साहजिकच बंदरांची गावे आडबाजूला पडली. ज्या किनाऱ्यावरून एके काळी साऱ्या प्रदेशाची ये-जा होती, तोच किनारा प्रवासाचा शेवटचा टप्पा होऊन बसला.

हा किनारा पुन्हा सलग प्रवासाचा मार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून (१९८०-८२) रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या रूपाने महाराष्ट्रापुढे आहे. तो महामार्ग तुकड्यातुकड्यांनी होत आला असून खाड्यांवरील काही मोठे पूल अद्याप व्हावयाचे आहेत. तरीही अलिबागपासून रेडीपर्यंत समुद्र फारसा नजरेआड न होऊ देता जाणे आज शक्य आहे, आणि अशा प्रवासासाठी एक नवे वाहन अलीकडे या रस्त्यावर दिसू लागले आहे. झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी व शौचालय पोटात घेऊन चालणारी ही गाडी 'कॅम्पर व्हॅन' किंवा 'कॅराव्हॅन' या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण स्वीकारले. या गाड्या गावात येतात तेव्हा गावाने काय करावे, हा प्रश्न आता किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींपुढे प्रत्यक्ष उभा आहे. म्हणून हे वाहन काय आहे, ते कशावर चालते आणि मागे काय सोडून जाते, याची माहिती येथे देत आहोत.

घर चाकावर घालून हिंडणे आपल्याला नवीन नाही. लमाणांचे तांडे आणि गाडीया लोहारांच्या गाड्या आपण पाहिलेल्या आहेत. फरक एवढाच की, त्यांना पोटासाठी हिंडावे लागे व हौसेचा प्रवासी सुटीसाठी हिंडतो. निव्वळ हौसेखातर असे घर बांधून घेण्याची चाल इंग्लंडमध्ये पडली. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यविशारदाने १८८५ साली 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी करवून घेतली आणि तीतून देश पाहिला. १९५० नंतर जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीच्या पेटीवजा मोटारगाडीत पलंग व चूल बसविण्यात येऊ लागली आणि हा प्रकार युरोपभर सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. आपल्याकडे अशा गाड्या बहुधा टेंपो ट्रॅव्हलर किंवा तत्सम लहान बसच्या सांगाड्यावर तयार केल्या जातात. मोटारीच्या मागे जोडून ओढावयाची बिनइंजिनाची कॅराव्हॅनही शासकीय धोरणात अंतर्भूत आहे. परंतु कोकणातील वळणांच्या घाटांत ती ओढून नेणे हे धाडसाचेच काम म्हणावे लागेल.

येथे एक सावधगिरीची सूचना. जुनी व्हॅन घ्यावी, गावच्या सुताराकडून फळ्या ठोकून घ्याव्यात आणि निघावे, असे कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा एक मान्य प्रकार आहे आणि मोटार कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी 'एआयएस-१२४' हे मानक आहे. तेव्हा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. गाडी चालू असताना आतील बिछान्यावर मुलांना निजवून नेणे हीही सर्रास दिसणारी व तितकीच धोक्याची सवय आहे.

खाड्या आणि तरी

मुंबईहून निघणाऱ्याला पनवेल-पेणचा वळसा टाळावयाचा असेल तर २०२० साली सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी बोट आहे. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करीत आगरदांड्यास यावे आणि तरीने दिघीस उतरावे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झाल्यावर बागमांडला येथे सावित्रीची खाडी लागते; तेथून तरीने वेसवी. दापोली तालुका ओलांडला की दाभोळ, तेथून पलीकडे धोपावे आणि मग गुहागर. पुढे तवसाळहून शास्त्रीच्या खाडीपलीकडे जयगड. जयगडपासून दक्षिणेकडे गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा असा रस्ता पुलांवरून जातो आणि रेडीनंतर गोवा सुरू होतो.

तरीवर गाडी चढविणे हे या प्रवासातील खरे कसब आहे. ओहोटी असली की धक्क्याचा उतार बोटीपाशी फार खोल जातो. कॅम्पर व्हॅनची शेपटी मागल्या चाकांच्या बरीच मागे गेलेली असते. ती चढउताराच्या सांध्यावर घासते आणि मागे लोंबणारा सांडपाण्याचा नळ तुटतो. तो नळ तुटला म्हणजे काय होते, हे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. तरीवरील खलाशी अनुभवी असतात. ते "थोडं थांबा, पाणी चढू द्या" म्हणाले तर थांबावे.

पाणी केव्हा चढेल याचे गणित कोकणातील जाणत्या माणसाला तोंडपाठ असते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा स्थूलमानाने पूर्ण भरतीची वेळ दाखवितो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन व दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते, हे या हिशेबाचे मूळ. बंदरागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. पण शिक्षकांनी हा पाऊणपटीचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून, मुलांना किनाऱ्यावर नेऊन ताडून पाहावयास लावला, तर गणित आणि भूगोल हे दोन्ही विषय एका सकाळी शिकवून होतील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईजवळ पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरपर्यंत वरखाली होते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जाऊन सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जवळजवळ निम्म्यावर येतो.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, पुळणीवर गाडी घालणारे प्रवासी दर हंगामात रुततात. ओहोटीच्या वेळी ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट भासते. तीन टनांची गाडी तीवर उभी राहिली आणि भरतीचे पाणी खालून झिरपू लागले की तीच वाळू चाकांना गिळते. मग गावातील ट्रॅक्टर, दोर आणि पंधरा-वीस तरुण यांची धावपळ सुरू होते. पुळणीवर वाहन नेऊच नये, हा यावरचा एकमेव उपाय होय. त्याला आणखी एक कारण आहे. कोकणच्या अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे थंडीच्या दिवसांत रात्री येऊन अंडी घालतात. पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे, म्हणजे समुद्राकडे चालू लागतात. किनाऱ्यावर उभ्या गाडीचा दिवा त्यांना उलट्या दिशेला ओढतो. चाकोरीचा खळगा तर त्या तळहाताएवढ्या जिवाला दरीच वाटावा. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेच्या साहाय्याने २००२ पासून या घरट्यांचे रक्षण केले, २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरांत केली. वाळूवर एकही चाक न जाता गावाला उत्पन्न मिळू शकते, याचे हे उदाहरण किनाऱ्यावरच आहे.

ऊन कामास लावणारे यंत्र

पावसाळा संपल्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कोकणात आकाश निरभ्र असते. कॅम्पर व्हॅनच्या टपावरील सौर पट्ट्या याच उन्हावर चालतात. त्यांचा हिशेब साधा आहे. दिवे, दोन लहान पंखे, पाण्याचा पंप, दूरध्वनी यांना मिळून दिवसाला साधारण चारशे वॅट-तास लागतात. चाळीस-पन्नास लिटरचा लहान शीतकपाट कोकणच्या हवेत सुमारे सहाशे घेतो. एकूण एक हजार, म्हणजे विजेच्या मापाने एक युनिट. टपावर ३०० वॅटची पट्टी सपाट बसविलेली असली आणि हिवाळ्यातील साडेचार-पाच तासांचे पूर्ण ऊन धरले, तर उष्णता, धूळ व तारांतील घट वजा जाता जवळपास एवढीच वीज हाती येते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत तितकीच मावते. जमाखर्च कसाबसा जुळतो.

वातानुकूलन यंत्र या हिशेबात कोठेही बसत नाही. रात्रभर ते चालवावयाचे तर पाच-सहा युनिटे लागतात, म्हणजे बाकी साऱ्या गाडीच्या पाच-सहा पट. त्यासाठी जनित्र लावावे लागते, किंवा गाडी कोणाच्या तरी मीटरवर जोडावी लागते. रात्री अकरा वाजता गावात शांतता असताना जनित्र धडधडू लागले की तक्रारी येतात, आणि त्या योग्यच असतात. म्हणून तळावर वीजजोडणी, तिला स्वतंत्र उपमीटर आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र असणे हे चैनीचे लक्षण मानू नये. एक गंमत मात्र नमूद करण्यासारखी आहे. पट्टीला ऊन हवे आणि माणसाला सावली हवी, या ओढाताणीत बहुतेक प्रवासी अखेर माडाखाली गाडी लावतात. माडावरून नारळ पडतो. टपावरील काचेच्या पट्टीचे पुढे काय होते, हे वाडीमालकाला ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

खाऱ्या हवेमुळे गाडीचा तळ गंजतो, म्हणून प्रवासी ती गोड्या पाण्याने धुऊ पाहतात. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो. यास्तव गाडीच्या तळाशी वायुवीजनाचे छिद्र असावयास हवे आणि ते वाळू येते म्हणून बुजवू नये. बंद गाडीत शेगडीवर ऊब घेणे जिवावर बेतते. गुहागर, मुरूड अशा गावांत रस्ते दोन गडग्यांमधून जातात, वर विजेच्या तारा लोंबतात. उंच गाडी असेल तर आधी पायी जाऊन रस्ता पाहावा.

टाकी कोठे रिकामी करणार?

दापोली तालुक्यातील एका गावात संध्याकाळी अशी एक गाडी घेऊन आम्ही पोहोचलो, तेव्हा सरपंच स्वतः देवळाजवळ उभे होते. जागेविषयी विचारताच ते म्हणाले, "ठेवा की हो साहेब, जागेला काय तोटा? पण सकाळी ती तुमची टाकी कुठे ओतणार, तेवढं आधी सांगा." आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागल्या हंगामात एका गाडीने ती टाकी पऱ्ह्यात ओतली होती आणि पऱ्ह्याच्या खाली वाडीची विहीर होती, असे त्यांनी मग सांगितले.

या प्रश्नातच कॅराव्हॅन पर्यटनाचे सारे मर्म आहे. गाडीत तीन प्रकारचे पाणी असते: टाकीतील स्वच्छ पाणी; न्हाणी व भांड्यांचे सांडपाणी; आणि शौचालयाचा मैला. पहिल्याविषयी गावांना जी धास्ती वाटते ती बरीचशी अवाजवी आहे. गाडीतील टाकी लहान असल्याने माणशी वीस-पंचवीस लिटरांत भागवावे लागते. चौघांच्या कुटुंबास दिवसाला शंभर लिटर धरले तर दहा गाड्यांना एक हजार लिटर लागतील. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे अठरा माणसांचे पाणी झाले. डिसेंबरात हा भार कोणतेही गाव सहज सोसू शकते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या याच गावांत हंडे रांगेला लागतात, तेव्हा मात्र तेच हजार लिटर डोळ्यांत खुपतात. म्हणून तळाचा हंगाम गावच्या पाण्याप्रमाणे ठरवावा. नळीने गाडी धुण्यास सर्वस्वी मनाई असावी, कारण एक गाडी धुण्यास जाणारे पाणी तीत राहणाऱ्या कुटुंबाच्या दिवसभराच्या वापराएवढे होते.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचे वागणे डोंगरातील विहिरीपेक्षा वेगळे असते, हेही येथे सांगितले पाहिजे. पुळणीमागच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असे भूजलशास्त्र सांगते. याचा व्यत्यास भयंकर आहे. पंप लावून वरची पातळी थोडी जरी उतरविली, तरी खालून खारे पाणी त्याच्या चाळीसपट वर चढू पाहते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागतात. तेव्हा दहा गाड्यांच्या हजार लिटरपेक्षा, त्यांच्यासाठी हौसेने बसविलेला मोठा पंप अधिक घातक ठरू शकतो.

आता मैल्याविषयी. बहुतेक गाड्यांत शौचालयाखाली अठरा-वीस लिटरची, बाहेर काढून नेता येईल अशी पेटी असते. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. दुर्गंधी येऊ नये म्हणून तीत औषध घालतात. जुन्या पद्धतीच्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असते आणि ते जंतूंचा नाश करते. शौचटाकीचे काम मात्र जंतूंवरच चालते. असे औषध वारंवार टाकीत गेले, तर आतील मैला कुजण्याचे थांबते, टाकी लवकर भरते आणि न कुजलेले पाणी बाहेर पडू लागते. म्हणजे पेटी उघड्यावर ओतणे जसे चूक, तसेच ती एखाद्या घराच्या लहान शौचटाकीत रिकामी करणेही चूकच. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यातून झिरपलेले पाणी गाळले न जाता थेट विहिरीच्या झऱ्यास मिळू शकते.

तळावर काय असावे, हे यावरून आपोआप ठरते. झाकण असलेले काँक्रीटचे पात्र हवे. ते पुरेशा मोठ्या, स्वतंत्र शौचटाकीस जोडलेले असावे. शेजारी पेटी धुण्यासाठी एक नळ असावा. आणि पिण्याच्या पाण्याचा नळ त्यापासून दूर, वेगळ्या रंगाने रंगविलेला असावा. ज्या नळीने पेटी धुतली तीच नळी पिण्याच्या टाकीत घातली जाते, हा प्रकार परदेशांतील सुसज्ज तळांवरही घडतो. फॉर्माल्डिहाइडविरहित औषध वापरणाऱ्यांनाच पात्राचा उपयोग करू द्यावा. न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यातून केळी व माडांच्या आळ्यांत सोडता येते. शौचटाकीतील गाळ उपसण्याची व्यवस्था तालुक्यात आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. नसेल, तर तळ सुरू करण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतरांचा अनुभव

युरोपात हिवाळा चुकविण्यासाठी हजारो कुटुंबे अशा गाड्या घेऊन पोर्तुगालच्या दक्षिण टोकावरील अल्गार्व्ह या उन्हाच्या किनाऱ्यावर उतरतात. कड्यांवर, वाळूच्या टेकड्यांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. तेव्हा त्या देशाने जानेवारी २०२१ पासून मान्य तळाव्यतिरिक्त कोठेही गाडीत रात्र काढण्यास बंदी केली. बंदी सरसकट होती, आणि काही महिन्यांतच ती सैल करावी लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षित क्षेत्रे व किनारपट्टीचे निर्बंधित पट्टे वगळून इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत मुक्कामाची मुभा देण्यात आली. न्यूझीलंडने २०११ मध्ये अशा मुक्कामाचा कायदा केला आणि २०२३ मध्ये तो कडक करून, पक्के बसविलेले शौचालय असेल तरच गाडीस स्वयंपूर्ण मानण्याचे ठरविले.

आपल्याला अधिक जवळची वाट फ्रान्सची वाटते. तेथील लहान लहान ग्रामपालिकांनी गावाच्या कडेला सात-आठ गाड्यांपुरते थांबे केले आहेत. पाण्याचा नळ, मैल्याचे पात्र, कचऱ्याची पेटी, एवढीच सोय; आकार अत्यल्प, कित्येक ठिकाणी शून्य. तेथे उपाहारगृह नसते, दुकान नसते, आणि ते हेतुपुरस्सर नसते. प्रवासी पाव, भाजी, मासळी घेण्यास गावात जातो, आणि पैसा गावातील दुकानदाराच्या हाती पडतो.

ग्रामपंचायतीच्या अधिकारात काय आहे

राज्याच्या धोरणात स्वतःच्या किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर कॅराव्हॅन पार्क उभारण्याची तरतूद आहे. पर्यटन विकास महामंडळाच्या निवासस्थानांच्या मोकळ्या आवारांत व कृषी पर्यटन केंद्रांतही त्यास वाव देण्यात आला आहे. ग्रामपंचायतीने प्रथम जागेचा विचार करावा, आणि येथेच अनेकांची चूक होते. गावची मोकळी जागा म्हणून गायरानाकडे बोट दाखविले जाते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींबाबत दिलेल्या निर्णयानंतर आणि त्याच वर्षी राज्य शासनाने काढलेल्या आदेशानंतर गायरान अशा कामी घेणे दुरापास्त आहे. समुद्रालगतच्या जागेस सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. १९९१ पासून तीन अधिसूचना झाल्या. सध्याची अधिसूचना जानेवारी २०१९ मध्ये निघाली. गाडी तात्पुरती उभी राहते, परंतु काँक्रीटचे पात्र व शौचटाकी हे बांधकाम होय, हे विसरू नये. म्हणून तळ भरतीरेषेपासून दूर, गावठाणाच्या मागील बाजूस असणे सर्वच दृष्टींनी सोयीचे. समुद्र तेथून दिसत नाही अशी तक्रार येईल. दहा मिनिटे चालल्यास दिसतो.

अशी जागा बहुधा खाजगी मालकीची असते, आणि त्यातच या विषयातील आशेची बाजू आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील माड-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात. ज्या बागाइतदारांनी पुन्हा लागवड केली, त्यांना मधल्या काळात काहीतरी जोड हवी होती. वाडीच्या रस्त्याकडील तुकड्यावर चार गाड्यांची सोय, सोबत घरच्या जेवणाचे ताट, ही ती जोड होऊ शकते. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही, खोल्या बांधाव्या लागत नाहीत आणि हंगाम संपल्यावर जमीन आहे तशीच राहते. मात्र चार वाड्यांत चार वेगळ्या शौचटाक्या करण्यापेक्षा ग्रामपंचायतीने एकच चांगले पात्र गावासाठी करावे आणि वाडीमालकांनी आपले पाहुणे सकाळी तेथे पाठवावेत, हे खर्चाच्या व आरोग्याच्या दृष्टीने उचित होय.

फी आकारण्याविषयी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे वारंवार विचारणा होते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये पंचायतीने बसवावयाच्या कर व फीची यादी आहे. तीत बैलगाड्यांच्या व टांग्यांच्या तळावरील फीचा उल्लेख आढळतो. टांगे गेले, तळही गेले. पण गावात येऊन मुक्काम करणाऱ्या वाहनाकडून गावाने काही घ्यावे, ही कल्पना कायदा करणाऱ्यांना परकी नव्हती. नव्या वाहनास कोणती फी कशी लावावी, याबाबत ग्रामसभेचा ठराव करून पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेचा सल्ला घ्यावा. पावती द्यावी. पावतीच्या मागील बाजूस नियम छापावेत, म्हणजे पाहुण्याला ते वाचण्यास वेगळे सांगावे लागत नाही.

त्या गावातील सरपंचांनी आम्हाला त्या रात्री शाळेमागच्या पडवीजवळ जागा दिली. पुढल्या वर्षी गेलो तेव्हा गावाच्या वेशीवर एक पाटी होती. त्यावर तीन ओळी होत्या: गाडी देवळामागील तळावर लावावी, पुळणीवर वाहन नेऊ नये, टाकी रिकामी करण्याची जागा पाण्याच्या टाकीपलीकडे, सकाळी सात ते नऊ. खाली खडूने त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ लिहिलेली होती. ती रोज शाळेतील मुले बदलतात, असे कळले.